‘कशावरून’ मिस्त्री

सौंसरला नागपूर रोडवर शालिकराम मिस्त्रीचं गॅरेज आहे, पण पत्ता विचारताना शालिकराम म्हणू नये. ‘कशावरून मिस्त्री’ म्हणावं, म्हणजे शेंबडं पोरही नेऊन सोडतं. पंचवीस वर्षांत या माणसाने दुसरं काही विचारलंच नाही. ऑइलचा डबा सीलबंद आहे? सील खरं कशावरून? चहात म्हशीचं दूध आहे? कशावरून? मुलगी पाहायला गेला, तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्याने होणाऱ्या सासऱ्याला विचारलं होतं, “पोहे पोरीनंच केले कशावरून?” पोहे खरंच शेजारणीने केले होते. लग्न झालं ते झालंच, पण तेव्हापासून त्याचा रोग बळावला तो बळावलाच.

त्यातही प्लास्टिकवर त्याने पहिल्यापासून दात धरलेला. प्लास्टिक म्हणजे फसवणूक, धातू म्हणजे इमान, असा त्याचा सरळ हिशेब.

मागच्या उन्हाळ्यात रामाकोन्याच्या भगवंतरावांच्या गाडीचा हवेचा पाइप तडकला. फिल्टरमधून गाळून आलेली हवा हा पाइप इंजिनात नेतो. त्याला भोक पडलं की रस्त्याची धूळ न गाळता आत शिरते आणि इंजिन आतून घासून निघतं. भगवंतराव संत्र्यांचे मोठे बागवाले, जुनं गिऱ्हाईक. शालिकराम बस धरून पांढुर्ण्याला गेला. तिथे गुणवंताचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. गुणवंता म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या बहिणीचा नवरा.

गुणवंताने दोन पाइप काढून ठेवले, एक काळा प्लास्टिकचा, एक चकाकणारा ॲल्युमिनियमचा. म्हणाला, “भाऊ, प्लास्टिकचाच ने. आपल्या इकडच्या उन्हात हे ॲल्युमिनियम तापते. इंजिनाले थंडी हवा पायजे.”

शालिकरामच्या मनात लगेच पाल चुकचुकली. एवढा आग्रह कायले करून राहिला हा? साडू असला म्हणून काय झालं, दुकानदारच ना! त्याने ॲल्युमिनियमचा पाइप उचलला, नखाने खरवडला, पान्याने ठोकून कानाशी धरला, हुंगूनसुद्धा पाहिला. तासभर हा सोहळा चालला. मग तोच घेऊन आला.

पावसाळा सुरू झाला. भगवंतरावांच्या बागेचा रस्ता म्हणजे निव्वळ चिखल, त्यामुळे गाडी दर आठ-पंधरा दिवसांनी गॅरेजला यायची. शालिकरामने आपल्या ऐंशी झाडांच्या बागेतला फवारणीचा पंप आणून ठेवला होता. त्याच्या जोरदार धारेने तो बॉनेटखालचा सगळा भाग फुकटात धुऊन द्यायचा. गिऱ्हाईक खूश, हाही खूश.

दिवाळीच्या आत गाडी शिटी मारायला लागली. चढावर धापा टाकायची. शालिकरामने बॉनेट उघडलं आणि पाहतच राहिला. पाइपाला देवीच्या वणांसारखे खड्डे पडले होते, आणि बुडाशी काडी जाईल एवढं भोक.

“मुलामा!” तो ओरडला. “वरून चमक, आत भंगार! भगवंतराव, साडूनं मले फसवलं!”

भगवंतरावांना सांगून थांबला असता तर गोष्ट वेगळी. त्याने बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर सांगितलं, मोहगावच्या बाजारात सांगितलं. गुणवंताचा माल नकली! पंधरा दिवसांत इकडच्या मिस्त्र्यांनी पांढुर्ण्याच्या त्या दुकानाकडे पाठ फिरवली. गुणवंताचे तीन फोन आले. शालिकरामने एकही उचलला नाही. फोनावर फोन करून राहिला म्हणजे मनात चोर हाय, हा त्याचा निष्कर्ष. दर दिवाळीला येणारी त्याच्या बायकोची, कमलची बहीण, म्हणजे गुणवंताची बायको, त्या वर्षी आली नाही.

कमलने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तो मेला पाइप भंगारात टाकायला म्हणून उचलला, आणि तशीच थांबली.

“हे निळं काय हाय खड्ड्यात?”

“गंज असन.”

“ॲल्युमिनियमले निळा गंज? कशावरून?” कमलने पहिल्यांदाच त्याचा शब्द त्याच्यावर उलटवला. “हे मोरचूद हाय! दरसाली झाडांच्या बुरशीसाठी मोरचूद न् चुना मी माह्या हातानं कालवते. लोखंडी बादलीत कालवतो का आपण? खाऊन टाकते थे बादलीले! म्हून तर प्लास्टिकचा डरम ठेवला. त्याच पंपानं तुमी गाडी धुतली. पंप आधी साफ केला होता?”

शालिकरामने पंपाची नळी आणली. तिच्या तोंडाशी निळी खपली धरली होती. ती त्याने नखाने खरवडून पाहिली. जगात ज्याच्या-त्याच्यावर संशय घेऊन झाला होता, फक्त स्वतःचे हात तेवढे त्याने तपासले नव्हते. त्याला इतकी लाज वाटली की त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पांढुर्णा गाठलं. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. शालिकरामने पाइप, नळी, सगळं पुढे मांडून कबूल केलं. गुणवंता ओरडला नाही, पण साडूला चहाही विचारला नाही. एवढंच म्हणाला, “मले कायले सांगून राहिला? माहा माल कसा हाय थे मले ठावं हाय. जितं बोलला, तितं सांग.”

तेही बरोबरच होतं. शालिकरामने टपरीवर सगळ्यांसमोर सांगितलं, माझीच चूक. लोक हसले. भगवंतराव म्हणाले, “मेवणीनं रडून दाखवलं असन, म्हून पलटला. समजते आमाले.”

मग त्याने हट्टाने गुणवंताकडूनच तसाच नवा ॲल्युमिनियमचा पाइप आणला, सगळ्यांदेखत त्याचा तुकडा कापून आत मुलामा नाही हे दाखवलं, प्लास्टिकच्या बादलीत मोरचुदाचं पाणी करून त्यात टाकला आणि बादली गॅरेजच्या दाराशी ठेवली. “आठ दिवसांनं या,” म्हणाला. ते आठ दिवस तो कुत्र्यामांजराला बादलीजवळ फिरकू देत नव्हता. गुणवंताचं दुकान आता त्या बादलीच्या भरवशावर होतं.

आठव्या दिवशी माणसं जमली. शालिकरामने चिमट्याने तुकडा वर काढला. तांबूस पडलेला, खड्ड्याखड्ड्यांचा, अगदी त्या पाइपासारखा. आता तरी साडूच्या मालावरचा डाग पुसला, असं त्याला वाटलं.

भगवंतरावांनी तुकडा हातात घेतला. उलटासुलटा केला. नखाने खरवडला. मग बाकावरचा पाना उचलून त्यावर ठोकला आणि डोळे मिटून कानाशी धरला. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

“पण शालिकराम,” ते म्हणाले, “तू टाकला होता, हा थोच तुकडा हाय कशावरून?”

माणसांनी माना डोलावल्या. शालिकरामने चिमटा खाली ठेवला. पंचवीस वर्षं हा प्रश्न त्यानेच तर गावाला शिकवला होता.