बुधवारची हिरवी केळी

कमलबाईचं माहेर धुळ्याकडचं आणि सासर सावद्याजवळच्या एका खेड्यात. नवी नवरी होऊन आली तेव्हा तिची अहिराणी ऐकून सासरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मग तिनं इकडची बोली उचलली. आई होती तोवर माहेरी गेलं की जीभ मोकळी व्हायची. आई गेली, जाणं सुटलं, आणि ती बोली तोंडात आणायला काही निमित्तच उरलं नाही. नवऱ्याच्या मागे ती गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवू लागली. पोरांना वाढताना बोलायची तेही इकडचंच.

दिवाळीनंतर दुसरीच्या वर्गात दिपमाला नावाची एक नवी पोर आली. आईबाप चाळीसगावकडचे, केळीच्या बागेत मजुरीला आलेले. पहिल्याच दिवशी तिनं ताटली पुढं केली आणि म्हणाली, "माय, मीठ कमी शे."

कमलबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिच्याशी 'आहे'ऐवजी माहेरचं 'शे' बोललं होतं.

त्या दिवसापासून दिपमाला जेवण झालं तरी चुलीपाशी घुटमळायची. बुधवार कधी, हा तिचा प्रश्न ठरलेला. "माय, बुधवार कवय शे?" बुधवारी उकडलेलं अंडं मिळायचं. ती आधी पांढरं खायची, पिवळा गोळा जपून ठेवायची आणि शेवटी डोळे मिटून तोंडात टाकायची. कमलबाई भांडी घासायची सोडून ते बघत बसायची.

नवीन वर्ष लागलं आणि अंडी बंद झाली. सरकारनं त्याचा निधी थांबवला, लोकसहभागातून द्यायचं तर द्या म्हणाले. मुख्याध्यापक योगेंद्र सरांनी पालकांची सभा बोलावली.

"जन्म द्यायचा आईबापानं आणि पोसायचं सरकारनं, हे कुठवर चालायचं?" एकानं सुरुवातच अशी केली.

"बापाची मजुरी वाढव, मग बोल," शकील म्हणाला. त्याचं फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं आणि त्याची रूही याच शाळेत होती.

"ते राहू द्या," गळ्यात माळ असलेले पुना आबा उठले. "शाळा म्हणजे सरस्वतीचं ठिकाण. तिथं अंडं शिजायला नको."

"आबा, जे खात नाहीत त्यांना केळं मिळतच होतं. अंड्याचं पान तुम्हाला कुणी वाढलं?" मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. आबा तणतणत खाली बसले. आवाज चढत गेले. कुणी म्हणालं, सरकारकडं मोर्चा नेऊ. कुणी म्हणालं, पोरं शाळेत शिकायला येतात की जेवायला. कमलबाई दाराशी उभी होती. ज्या घरची पोरं सकाळी नुसता कोरा चहा पिऊन येतात, त्या घरचं सभेत कुणीच नव्हतं. दिपमालाचे आईबाप त्या वेळी बागेत घड वाहत होते.

शेवटी रुपचंदभाऊ उठले. गावातले मोठे बागायतदार. "अंड्यावरून डोकी कशाला फोडता? केळी माझ्याकडून. आपल्या शिवारात पोरगं केळ्याला तरसलं तर लाज आपल्याला."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात कमलबाईच्या तोंडून निघून गेलं, "बुधवारीच द्या पण, भाऊ."

"का गं कमलताई, तुझा उपास असतो का बुधवारी?" कुणीतरी विचारलं आणि परत हशा झाला. ती पदर सावरून आत गेली.

दिपमालाला तिनं सांगितलं, अंडं नाही, पण केळं मिळेल. पोरीनं विचारलं, "पिवळं?"

"हाव. पिवळं."

बुधवारी ट्रॅक्टर आला. रुपचंदभाऊंनी शब्द पाळला होता, बागेतले पहिल्या प्रतीचे घड पाठवले होते. पण सगळे हिरवेगार, दगडासारखे. जन्मभर हिरवे घड कापून ट्रकमध्ये भरायचे, ते पिकायचे उत्तरेकडच्या बाजारात. केळं पिकवून द्यायचं असतं, हे ना भाऊंच्या ध्यानात आलं, ना बागेतल्या माणसांच्या.

योगेंद्र सरांनी फोन लावला. पलीकडून भाऊंचं हसणं बाहेरपर्यंत ऐकू आलं. "अरे देवा! पिकवायचं राहूनच गेलं की हो सर!"

कमलबाईनं घड कोठीच्या खोलीत तांदळाच्या रिकाम्या पोत्यांखाली झाकले. थंडीचे दिवस, पिकायला वेळ लागणार होता. दिपमाला रोज दारातून वाकून विचारायची, "पिकनात का?" रोज कमलबाई मान हलवायची.

शनिवारी दिपमाला दप्तर न घेताच आली. "माय, आम्ही सकाय जाई राहिनूत."

बागेतलं काम आटोपलं होतं, उद्याच निघायचं होतं. बापाला दीपनगरच्या वीजकेंद्राकडं एका वीटभट्टीवर काम लागलं होतं. तिथं जवळ शाळा आहे का, पोरीला ठाऊक नव्हतं.

कमलबाई कोठीत गेली. पोतं उचललं, सगळे घड चाचपले. एकही नरमला नव्हता. मग तिनं सर्वांत भरलेली फणी कापली, आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि पोरीच्या हातात दिली.

"हाई गोधडीमा गुंडाळी ठेव. घडीघडी उघाडी देखू नको. वास येवाले लागना का मग सोड. आन एकली खाऊ नको, बठ्ठासले दे."

पोरीनं कोठीतल्या घडांकडं बोट केलं. "आठे बुधवारले पिकतीन?"

कमलबाईनं आधी घडांकडं, मग बाहेर रस्त्याकडं हात केला. "आठे बी, तठे बी."

दुसऱ्या दिवशी मजुरांचा टेम्पो फाट्यावरून गेला तेव्हा कमलबाई मुद्दाम रस्त्याला आली. भांड्याकुंड्यांच्या मधे दिपमाला मांडीवर गाठोडं धरून बसली होती. हात हलवायला तिनं गाठोडं सोडलं नाही, नुसती मान उंच केली.

पुढल्या बुधवारी कमलबाईनं कोठीचं दार उघडलं आणि गोड वास अंगावर आला. पोरांनी एकच गलका केला. रूहीनं दोन मागितली. पुना आबांचा नातू साल फेकून आणखी एक घ्यायला रांगेत परत उभा राहिला. कमलबाई वाटत राहिली.

वाटता वाटता तिला वाटलं, तिकडं आता गोधडी सोडली असेल. की भट्टीच्या धगीनं आधीच काळी पडली असतील? की पोर अजून न उघडता नुसती वास घेत बसली असेल? विचारायला कुणाचा नंबर तिच्याकडं नव्हता.

पोरं हात धुवायला पळाली. कमलबाई चुलीपाशी बसली आणि कुणी ऐकायला नाही असं पाहून हळूच म्हणाली, "दिपमाला, आज बुधवार शे."