डब्याच्या तळाशी साखर

सकाळी शेजारच्या काकू माझा डबा परत द्यायला आल्या. उघडला तर तळाशी चमचाभर साखर.

“अहो काकू, हे कशाला?”

“रिकामा डबा परत देतात का कुणी?” म्हणत त्या गेल्यासुद्धा.

मी पुन्हा लॅपटॉपसमोर बसले. बाबांच्या आजारपणावरचा लेख तयार आहे. आजवर माझ्या ब्लॉगवर सगळं फुकट वाचायला दिलं. आज लेखाच्या शेवटी ‘वाचत असाल तर वर्गणी द्या’ असं लिहिते आणि खोडते. घरातलं दुःख विकायला काढलं, असं कुणी म्हणालं तर? उगाच उठते, पाणी पिते, परत बसते.

पण ‘काकू, डबा रिकामाच आणत जा’ असं मी कधी म्हणेन का? केवढा अपमान वाटेल त्यांना! वाचकांना मात्र इतकी वर्षं मी तेच सांगत आले.

ओळ या वेळी खोडली नाही. काकूंची साखर चिमूटभर तोंडात टाकली आणि लेख प्रसिद्ध करायचं बटण दाबलं.