तलावाच्या पाळीवरची गंगू

वाचनालयाच्या बाई कोणतेही पुस्तक शेवटाकडून उघडीत. मागे संदर्भग्रंथांची यादी असली तर प्रथम तीच वाचीत, नसली तर पुस्तक मिटून म्हणत, "हा माणूस कोणाले विचारून आला तेच सांगत नाई. याच्यावर काऊन भरोसा ठेवू?" आरमोरीच्या तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय. शिक्षण सातवीपर्यंत, परंतु माझ्या हातचा अर्ज साहेब शेवटपर्यंत वाचतात, हे सर्वश्रुत आहे. त्यामुळेच दूरच्या ग्रंथालयांना विनंतीपत्रे पाठवायची असली, की बाई माझ्याकडे येत.

त्यांचा शोध एकच होता. बाईंच्या आईच्या गावचा तलाव खोदला गेला, तेव्हा आईची आजी गंगू हिने पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती वाहिली होती. ते नाव कुठेतरी छापलेले असणारच, असा बाईंचा हट्ट. आरमोरीत पुस्तक मिळाले नाही तर त्या ब्रह्मपुरीच्या कॉलेजात विचारीत. तिथेही नसले तर नागपूरची बस धरीत.

पुढे वडशाला इंटरनेटचे दुकान निघाले. जुनी सरकारी पुस्तके आता पडद्यावर दिसतात असे ऐकून बाई मला घेऊन तिथे गेल्या. मी दुकानदाराला रीतसर मजकूर सांगू लागलो, "मेहेरबान साहेबांचे सेवेशी, अर्जदार आरमोरी तालुक्यातील कायम रहिवासी असून..." त्याने तो इमानेइतबारे टंकला. काहीच आले नाही.

"भाऊ, याले साहेब नाई," बाई हसू दाबत म्हणाल्या. "गावाचं नाव टाका, तलाव टाका. अन् जुना जिल्हा चांदा, तेही टाका."

"बिनमायन्याचा अर्ज कोण वाचते, बाई?"

"हे वाचते. तुमच्या साहेबाएवढा मान नाई लागत याले."

बऱ्याच खटपटीनंतर इंग्रजांच्या काळातला एक अहवाल निघाला. दुकानदाराने अर्थ सांगितला: तलाव मालगुजाराने, म्हणजे गावच्या जमीनदाराने, बांधला. बस, तेवढेच.

बाई खुर्ची मागे सारून उठल्या. "मालगुजारानं टोपली उचलली काय? चला भाऊ, गावाले जाऊ. म्हाताऱ्या आहेत तोवर."

गावात एका म्हातारीला रोवण्याचे, म्हणजे धान लावताना म्हणायचे, गाणे येत होते. त्यात माती वाहणाऱ्या बायांची नावे होती. मी लिहू लागलो, "उपरोक्त स्त्रिया..." बाईंनी माझा हात धरला. "उपरोक्त काढा. ती गाते तसंच लिहा." माझ्या लेखणीला तोवर कोणी हात लावला नव्हता. तरी मी खोडले.

गाणे संपले. गंगू आली नाही.

"हिले सारं नाई आठवत," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाले येत असन."

ती दुसरी कोणी भेटण्याआधीच बाई वारल्या.

आज निराधार योजनेच्या अर्जासाठी म्हाताऱ्या बाया माझ्या टेबलासमोर बसतात. अंगठा घेण्यापूर्वी मी प्रत्येकीला विचारतो, "आजी, रोवण्याचं गाणं येते काय? तलावाचं?" एखादी गाऊ लागली की मागची रांग खोळंबते, शिपाई ओरडतो. मी हात वर करून सर्वांना गप्प बसवतो आणि एकेक नाव ऐकत राहतो.