सेमिसीच्या चालीचा शेवट

टोंगातल्या वावाऊ बेटावर सेमिसी बस चालवायचा आणि चाली बांधायचा. चाल रंगात आली की बस थांबा सोडून पुढे निघून जायची. पण त्याची एकही चाल चर्चच्या गायकवृंदाने रविवारी गायली नव्हती. गायकवृंद बसवणाऱ्या लोसालीनेबाईंचा नियमच होता: चाल फळ्यावर आकड्यांत लिहायची. टोंगाच्या रीतीप्रमाणे तीन म्हणजे सा, चार म्हणजे रे, असं नऊपर्यंत. सेमिसीला ते लिहिता येत नसे. वर्षभर घोकून अखेर त्याने फळा भरला, खाली ऐटीत नाव लिहिलं आणि नावापुढे फोन नंबर.

मंडळींनी दिसेल ते गायलं. नंबरासकट.

"चाल बेताचीच आहे रे, सेमिसी," बाई म्हणाल्या, "पण शेवट! पाच, चार, तीन... कसा अलगद घरी येतो! कुठून सुचला?"

सेमिसीने छाती फुगवली. पण बायकांच्या रांगेत त्याची बायको मेलेनाइते पोट धरून हसत होती.

"फोनच्या दुकानातून, बाई," तो पुटपुटला. "माझा नंबर आहे तो."

एकच हशा पिकला. खर्जातला उआइसेले ओरडला, "मग दुसऱ्या कडव्याला माझा घ्या!"

"तुझ्या शेवटी चार आहे. अधांतरी लटकशील," बाई म्हणाल्या.

बाईंनी डस्टर उचललं. त्यांनी फक्त नाव पुसलं, नंबर ठेवला.

"रविवारी हीच गायची. आणि सिमकार्ड बदललंस तर बघ!"