सतरा नंबरचं भोक

चंद्रप्रकाशला साइटवर सगळे डॉक्टर म्हणत. त्याची हरकत नव्हती. वेंगुर्ल्याहून आलेल्या त्याच्या वडिलांनी गिरणीत जन्म काढला, त्यांना कुणी साधं ‘अहो’सुद्धा म्हटलं नव्हतं. डॉक्टरचा पेशंट म्हणजे कांदिवलीच्या खाडीकडचा चिखल. वरून घट्ट, आत लोणी. त्यावर बिल्डिंग उभी करायची तर जमिनीत भोकं पाडून, नळ्या खुपसून पंपाच्या दाबाने सिमेंटचा पातळ घोल आत सोडायचा, म्हणजे चिखल आवळतो. एक डोळा दाबाच्या काट्यावर आणि एक हात नळीवर ठेवून चंद्रप्रकाश अठरा वर्षं ही इंजेक्शनं देत होता.

पत्र्याच्या कुंपणापलीकडे सेराफिनाआजीचं घर, क्रूस आणि विहीर. दुपारी ती फटीतून पाण्याचा तांब्या पुढे करी.

“काय रं डाक्तर, पेशंट जगंल ना?”

“तो ठणठणीत आहे गो आजी. डॉक्टरचीच कंबर गेली.”

“शनवारी ये. ॲनेटचं पानी काढाचं हाय.”

ॲनेट तिची नात. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी या विहिरीतूनच वाजतगाजत काढायचं. सेराफिनाचंही असंच काढलं होतं.

गुरुवारी सतरा नंबरच्या भोकावर काटा हलेना. एरवी सिमेंटच्या आठ पोत्यांत भागायचं. इथे पंधरा गेली. दाब चढत नाही म्हणजे घोल मुरत नाही, कुठेतरी पळतोय. चंद्रप्रकाशने पंप बंद केला.

सुपरवायझर हर्षद धावत आला. “काका, थांबलात का?”

“पळतोय रे कुठेतरी.”

“भुकेली असेल माती, खाऊ दे ना! उद्या पंप दुसऱ्या साइटला जाणार. वाट लावू नका यार.”

चंद्रप्रकाशने कुंपणाकडे पाहिलं. दहा पावलं जाऊन विहिरीत डोकावायचं, एवढंच. पण डोकावल्यावर पंप चालू करायची हिंमत झाली नसती. म्हणून तो डोकावला नाही. पंप पुन्हा चालू केला. चाळिसाव्या पोत्याला काटा चढला.

“झकास!” हर्षद म्हणाला.

शनिवारी बँड आला. चंद्रप्रकाश इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभा राहिला. उन्हाळ्यात विहिरीला कमरेएवढंच पाणी असे. आजीने कळशी सोडली. खालून टण्ण आवाज आला. तिने पुन्हा सोडली. पुन्हा टण्ण. ढोलवाल्याला वाटलं ताल देतायत. त्याने दोन ठोके मारलेही. कळशीत ओंजळभर राखाडी पाणी आलं.

“डाक्तर, बघ रं, हिला काय झालं?”

त्याला बघायची गरज नव्हती. “मी केलं, आजी. पंप बंदच ठेवायला हवा होता. कळत होतं मला.”

“मंग काढ ना ते.”

“निघत नाही गो. घट्ट व्हायलाच घालतात.”

तिने कळशी क्रूसाच्या पायरीवर उपडी घातली. ॲनेट नव्या लुगड्यात उभीच होती.

“पेशंट जगला ना तुझा?” आजीने विचारलं.

“जगला,” चंद्रप्रकाश म्हणाला.