हळदीची कढई आणि मालगाडी

राठोड गेल्याचं मला माझ्या मुलीनं, सुजातानं कळवलं. ती औरंगाबादला, मी वसमतला. राठोडचं घर आमच्या शेजारच्याच गल्लीत. तरी त्याच्या घरून पहिला फोन तिला गेला. दुःखाच्या आधी मला तेच लागलं...

आम्ही दोघं एकाच शाळेत. मी इतिहास शिकवायचो, तो भूगोल. माझ्या वडिलांनी वसमत स्टेशनात कापसाच्या गाठी उचलल्या. त्याचे पूर्वज तांड्यावरचे, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणारे. "तुमच्या रेल्वेनं आमचे बैल घरी बसवले," असं तो हसत म्हणायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रेल्वेच्या आधी विलायतेत कोळसा कालव्यांतून होड्यांनी जायचा, असं मी सातवीला सांगत होतो. सुजाता त्याच वर्गात. ती उठली, "मग आपल्या कालव्यातून काहून न्हाई जात?" मी म्हटलं, रेल्वे वेगानं जाते म्हणून. मालगाडी दाखवायला वर्ग स्टेशनात नेला. दुपारभर लेकरं उन्हात बसली. गाडी आली ती न थांबता निघून गेली.

पुढं कालव्याला पाणी सुटल्यावर राठोडनं हळद शिजवायची मोठी कढई पाण्यात सोडली, आत हळदीची पोती. जमिनीवर साऱ्या वर्गाला न हललेला तो भार दोन पोरींनी काठावरून दोरीनं ओढत नेला. राठोड छातीभर पाण्यात, कढई धरून. दोरी ओढणारी सुजाता ओरडली, "बाबा, जोरच लागून न्हाई राहिला!"

मी म्हणालो, "अन् पाणी बंद झालं म्हणजे? रेल्वे पाण्याची वाट पाहत नाही."

"बराबर आहे," राठोड लेकरांना म्हणाला. "म्हणूनच रेल्वे जिंकली. कांबळे सर सांगून राहिले ते ध्यानात ठेवा."

जिंकून वर तो हरायला तयार होता, हेच मला सोसेना. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. सगळ्यांना दोरी हवी होती.

सुजाता पुढं पाटबंधाऱ्याची इंजिनिअर झाली. राठोडनं पेढे वाटले, माझ्या आधी.

मागच्या आठवड्यात ती आली. पिशवी ओट्यावर टाकून, चपला न काढताच, सवयीनं त्याच्या घराकडे निघाली आणि कोपऱ्यावर एकदम थांबली. भिंतीला हात टेकून तिथंच रडत राहिली. मी दारात उभा होतो. मी गेल्यावर ही अशी कुठं अडेल का... एवढंच मनात आलं. हाक मारली नाही.