फॉरेनची कंपनी

वडनेरला आमच्या हळद दळायच्या कारखान्याला लोक 'फॉरेनची कंपनी' म्हणायचे. चेष्टेनंच. टिनाचं शेड, दोन चक्क्या, आठ बाया आणि मी. पण बाबांनी कंपनी काढली तेव्हा सगळे शेअर थोरल्या मुलाच्या नावे केले, आणि दादा अमेरिकेत होता. मोठ्याचं नाव लावायचं, हे आमच्या घरात विचारून ठरत नसे. नवरा गेल्यावर मी माहेरी आले, तेव्हा कारखाना मी बघायचा, हेही कुणी विचारलं नाही. अकरा वर्षं बघितला. अंगाचा हळदीचा वास गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटलंही नाही.

दादाने त्यातून कधी एक रुपया नेला नाही. ही त्याची माया, असं बाबा मरेपर्यंत सांगत राहिले.

दादाने तिथलं नागरिकत्व घेतलं त्याला सात-आठ वर्षं झाली असतील. त्याच्या नव्या हिशेबनिसाने सहज विचारलं, देशाबाहेर काही आहे का? दादाने अभिमानाने कारखाना सांगितला. तिथेच बिनसलं. तिथल्या माणसाची बाहेर कंपनी असेल तर तिची सगळी माहिती दरवर्षी तिथल्या कर खात्याला द्यावी लागते, आणि न दिलेल्या प्रत्येक वर्षाला दंड. शिवाय निम्मं शेड आम्ही बियाण्याच्या गोदामाला भाड्याने दिलं होतं. ते भाडं कंपनीतच पडून असलं तरी दादाचं उत्पन्न धरणार. पानात वाढलं म्हणजे जेवलाच, असला नियम.

हिशेबनिसाने प्रश्नांचा कागद तालुक्याला, हिंगणघाटला, फॅक्सने पाठवला. शब्दकोश घेऊन मी तो भरायला बसले. एक प्रश्न होता, कंपनीवर ताबा कोणाचा? त्या शब्दाचा अर्थ मी शब्दकोशात दोनदा पाहिला. मग दादाचं नाव लिहिलं.

फोनवर मी त्याला म्हटलं, कारखाना माझ्या नावे करून टाक. तो म्हणाला, आता नाव बदलून मागची वर्षं मिटत नाहीत. दंड आपल्या कमाईच्या कितीतरी पुढे गेलाय, शेड विकूनच भरावा लागेल. आवाजावरून तो घाबरलेला कळत होता. इतकी वर्षं तिकडे राहूनही तो वऱ्हाडीच बोलायचा, त्यामुळे मला नीट चिडताही येईना.

"बाई, म्या त्यातलं काही खाल्लं नाई," तो म्हणाला.

"मले मालूम हाय, दादा."

खाल्लं असतंस तर बरं झालं असतं, असं मनात आलं.

शेडला गिऱ्हाईक मिळालं. बायांना सांगायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. अमेरिकेच्या सरकारचा वडनेरशी काय संबंध, हे मला त्यांना समजावता आलं नाही, कारण मलाच ते पटलं नव्हतं. एकीने विचारलं, "ते सरकार पाह्याले तरी आलतं का कधी?"

शेवटच्या कागदांत कंपनीत काम करणाऱ्यांची यादी हवी होती. मी आठ बायांची नावं लिहिली, आणि सगळ्यांत वर माझं. चार दिवसांनी दादाचा फोन आला.

"बाई, तुयं नाव काढून टाक," तो अगदी हळू बोलत होता. "घरचं माणूस दाखवलं तं अजून कागद मागतात. तसाही तुले पगार कुठं होता."

मी नाव खोडलं, यादी पुन्हा स्वच्छ लिहिली आणि पाठवून दिली. त्या कागदाप्रमाणे वडनेरच्या कंपनीत आठ बाया काम करत होत्या, आणि ती चालवणारा अमेरिकेत होता.